मुंबई बंदरांतील एक दिवस

हिवाळा लागला कीं मुंबई बंदरांत प्रवासी जहाजें येऊं लागतात. हीं जहाजें माल वाहणारीं नव्हेत. केवळ हौसेनें समुद्रपर्यटन करणाऱ्या लोकांस घेऊन तीं देशोदेशींच्या बंदरांस लागतात. सकाळीं जहाज बॅलार्ड पियरच्या धक्क्यास टेकतें, न्याहारी आटोपून प्रवासी खालीं उतरतात, दिवसभर शहर पाहतात आणि दिवेलागणीस परत जहाजावर चढतात. रात्र पाण्यावर जाते व पुढें दुसरें बंदर येतें. पूर्वीं हा शोक परदेशच्या धनिकांचाच समजला जाई. परंतु २०१८ सालीं मुंबई व गोवा यांच्या दरम्यान ‘आंग्रिया’ नांवाचें पर्यटक जहाज सुरू झालें, आणि सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचें जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करूं लागलें. तेव्हांपासून आपल्या देशांतील नोकरदार व व्यापारी कुटुंबेंहि या वाटेस लागलीं आहेत.

मानोऱ्याच्या वाचकांस वाटेल कीं, समुद्र आपल्यापासून दीडशें कोस दूर. या हौशी लोकांच्या सहलीशीं आपला संबंध काय? संबंध दोन प्रकारचा आहे. एक वेळेचा. रात्रीं मूर्तिजापुरास मुंबईच्या गाडींत बसणारा कास्तकार सकाळीं मुंबईस उतरतो आणि रात्रीच्या गाडीनें परत निघतो. म्हणजे त्याच्या पदरींहि जहाजावरील प्रवाशाइतकाच, दहाबारा तासांचा, एक दिवस पडतो. दुसरा संबंध पैशाचा. हा पाहुणा ज्या इमारतींसमोर उभा राहून छायाचित्रें काढतो, त्यांपैकीं पुष्कळांच्या पायांत कापसाचा पैसा आहे, आणि त्या कापसांत वऱ्हाडचा वाटा मोठा होता. ही गोष्ट वाटाड्या त्यास क्वचितच सांगतो. म्हणून गेल्या माघांत दोघां शेतकरी सोबत्यांसह आम्हीं तोच दिवस, त्याच स्थळांवरून, परंतु कास्तकाराच्या नजरेनें घालवून पाहिला. जें पाहिलें व त्यावरून जें मनांत आलें तें वाचकांपुढें ठेवतों.

जहाजावरील प्रवाशांस छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस ही इमारत पाहण्यासाठीं मोटारींतून आणतात; आपण तर तिच्या पोटांतच उतरतों. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या शिल्पज्ञानें आंखलेल्या या इमारतीचें काम १८७८ सालीं सुरू झालें व सुमारें दहा वर्षांनीं पुरें झालें. २००४ सालीं युनेस्कोनें तिची गणना जागतिक वारशांत केली. बाहेर रस्त्यावर येऊन मान वर केली असतां शिखरांवर मूर्ति दिसतात. त्यांत व्यापार व यंत्रविद्या यांच्या जोडीस शेतीचीहि मूर्ति आहे. आगगाडीच्या कंपनीनें आपल्या मुख्य कचेरीच्या माथ्यावर शेतीस जागा दिली ती निव्वळ शोभेसाठीं नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास गेला, १८६७ सालीं तो वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोंचला, आणि १८७० सालीं जलंबहून खामगांवास काढलेला फांटा उघडण्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनें आले. एका बाजारगांवासाठीं राजप्रतिनिधीनें इतक्या दूर येण्याचें कारण एकच, तें म्हणजे कापूस. पुढें आमच्या भागांतहि मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी झाली; तिलाच लोक ‘शकुंतला’ म्हणत. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धांवत होतें. ज्या शहरास आपली रुई जावयाची, त्याच शहरानें रुई नेण्याचें इंजिन पाठवावें, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

स्टेशनापासून बॅलार्ड पियर पायीं वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. तेथें फाटकाबाहेरूनच आम्हांस कैक मजल्यांचें एक पांढरें जहाज दिसलें व त्यावरून उतरलेले प्रवासी मोटारींत बसतांना दिसले. त्यांच्या मोटारी प्रथम हॉर्निमन सर्कलकडे वळल्या. आम्हीहि त्याच दिशेस चाललों. येथें मध्यें गोल बाग, एका अंगास १८३३ सालीं बांधून झालेला टाउन हॉल व दुसऱ्या अंगास सेंट थॉमसचें जुनें देऊळ आहे. आज येथें पेढ्यांच्या कचेऱ्या व मोठमोठीं झाडें आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हेंच उघडें मैदान कापसाच्या गठाणींनीं भरलेलें असे. देवळाच्या दारापर्यंत रचलेल्या या गठाणींची अडचण होऊं लागल्यावर १८४४ सालीं हा बाजार कुलाब्यास हलविला, आणि विसाव्या शतकांत तेथूनहि तो शिवडीकडे नेला. शहर जसें श्रीमंत झालें तसा कापूस त्याच्या अंगणांतून मागल्या दारीं गेला.

या मैदानावर वऱ्हाडचा कापूस पहिल्यानें कसा आला हें ऐकण्यासारखें आहे. विकाजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्यांनीं १८२५-२६ सालीं वऱ्हाडांतून मुंबईस जो कापूस पाठविला तो पांचशें बैलांच्या पाठीवरून गेला होता. त्याआधीं आपला कापूस बैलांवरूनच गंगेकांठीं मिर्झापुराकडे जात असे. रूळ येण्यापूर्वीं या देशाचा व्यापार लमाणांच्या तांड्यांनीं वाहिला. पोहरादेवीच्या यात्रेस जमणाऱ्या बंजारा बांधवांचे पूर्वज हेच त्या काळचे वाहतूकदार होत. रूळ आला, तांड्यांचा धंदा गेला आणि पुष्कळ तांडे जमिनीस चिकटून शेतकरी झाले.

तेथून गेट वे ऑफ इंडिया. १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज येथें उतरले त्याच्या स्मरणार्थ जॉर्ज विटेट यानें आंखलेली ही कमान ४ डिसेंबर १९२४ रोजीं खुली झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून देश सोडून गेली. प्रवासी एवढें ऐकून पुढें जातात. आम्हीं मात्र कमानीच्या दगडास हात लावून पाहिला. हा पिवळसर दगड बेसाल्टच्या जातीचा आहे. आपल्या शेतांत विहीर खणतांना जो काळा खडक लागतो त्याचाच हा भाईबंद. लाव्ह्याच्या ज्या थरांवर थर सांचून दख्खनचें पठार झालें, तेच थर झिजून आपली काळी कापसाळ माती झाली. तेव्हां मुंबईची वेस आणि मानोऱ्याचें शेत हीं एकाच आईचीं लेंकरें आहेत असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

गेट वेपासून घारापुरीस लाँच जातात. सुमारें तासाभराचा प्रवास आहे. येथील लेणीं त्याच काळ्या खडकांत कोरलेलीं असून १९८७ पासून जागतिक वारशांत मोडतात. शंकराची त्रिमुखी मूर्ति सुमारें वीस फूट उंच आहे. तिचें वर्णन आम्ही करीत नाहीं. तें पाहूनच कळावें. परंतु बेटाच्या वाटेवर वाचकांनीं जरूर पाहावी अशी आणखी एक गोष्ट आहे. पश्चिमेस मुंबईचें जुनें बंदर आणि पूर्वेस २६ मे १९८९ रोजीं सुरू झालेलें न्हावा-शेव्याचें जवाहरलाल नेहरू बंदर, अशीं दोन्ही बंदरें एका दृष्टिक्षेपांत येतात. तेथील उंच याऱ्या लोखंडी पेट्या जहाजावर चढवितात व उतरवितात. पेटींत रुई आहे, सूत आहे कीं यंत्रें आहेत, हें बाहेरून कळत नाहीं. आमच्या सोबत्यांनीं विचारलें, “जहाज माल भरूनच जाते, का भरून येते बी?” प्रश्न साधा, पण या लेखाचें मर्म त्यांत आहे. त्याकडे पुढें वळूं.

दुपारीं परत आल्यावर जेवण करून आम्ही ओव्हल मैदानाकडे गेलों. तेथें विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा आहे. उंची सुमारें २८० फूट, बांधकाम १८६९ ते १८७८. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानें १८६४ सालीं देणगी देऊन त्यास आपल्या आईचें नांव दिलें. या मनोऱ्याची कथा म्हणजे कापसाचीच कथा होय. एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें रोखलीं, त्यामुळें इंग्लंडच्या गिरण्यांस अमेरिकन रुई मिळेनाशी झाली आणि त्यांची सगळी नजर मुंबईकडे वळली. तीन-चार वर्षांत मुंबईस रुईचा भाव तिपटीहून वर गेला. शहरांत पैशाचा पूर आला. समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, पेढ्या निघाल्या, आणि ज्यांनीं कधीं बोंडहि पाहिलें नव्हतें अशा लोकांनीं भागपत्रांच्या सट्ट्यांत हात घातले. एप्रिल १८६५ मध्यें युद्ध संपलें. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस होता. त्या दिवशीं कोणास कोणाचें देणें देतां येईना. घरेंच्या घरें बुडालीं, प्रेमचंदहि त्यांत सांपडले, आणि खुद्द बँक ऑफ बॉम्बे पुढें १८६८ सालीं मोडीत निघाली. मनोरा मात्र उभा राहिला.

मुंबईच्या इतिहासांत हें प्रकरण येथें संपतें. वऱ्हाडांत तें संपलें नाहीं. चढत्या भावाच्या दिवसांत ज्या शेतकऱ्यास सावकार आपण होऊन कर्ज देत होता, त्याच्याकडून भाव पडल्यावर तेंच कर्ज व्याजासह मागूं लागला. १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडला, १८७० सालीं समुद्राखालची तार मुंबईस आली, आणि लिव्हरपूलचा भाव खामगांवच्या बाजारांत येऊन बसला. भाव शेतांत ठरेना, गांवच्या हर्रासांतहि ठरेना. तो समुद्रापलीकडे ठरून तारेनें येऊं लागला. इकडे नगद पैशासाठीं ज्वारीची जमीन पऱ्हाटीखालीं जात राहिली. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडास एवढा भोंवला त्याचें हें एक कारण होय. पाऊस गेला हें खरें. पण पेवांतली ज्वारी त्याआधींच गेली होती.

वाटेंत महात्मा फुले मंडई लागते. १८६९ सालीं पुरी झालेली ही इमारत प्रवाशांच्या यादींत असतेच. तिच्या दारावर लॉकवुड किपलिंग यानें दगडांत कोरलेलीं शेतकऱ्यांचीं चित्रें आहेत. इंग्रज कमिशनर क्रॉफर्ड याचें नांव जाऊन तिला ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीरावांचें नांव मिळालें हें योग्यच झालें. दगडांतल्या शेतकऱ्यास येथें मान आहे. खालीं फळांच्या पेटीवर मात्र गांवाचें नांव असतें, पिकविणाऱ्याचें क्वचितच.

यानंतरचें स्थळ जहाजावरील कोणाहि प्रवाशाच्या यादींत नाहीं. स्टेशनावर येऊन हार्बर मार्गाची लोकल धरली आणि मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड हीं स्टेशनें मागें टाकून आम्ही ‘कॉटन ग्रीन’ येथें उतरलों. या मार्गाच्या उजव्या हातास गोद्या व वखारी आहेत. मुंबईच्या गोद्यांपैकीं १८७५ ची ससून गोदी, १८८० ची प्रिन्सेस, १८८८ ची व्हिक्टोरिया आणि १९१४ ची अलेक्झांड्रा म्हणजे आजची इंदिरा गोदी, हा सारा पसारा चाळीस वर्षांत झाला. त्यांतील व्हिक्टोरिया गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा भयंकर स्फोट झाला. दारूगोळ्याबरोबरच त्यावर कापसाच्या गठाणी भरल्या होत्या. आग प्रथम कापसास लागली व तेथून दारूगोळ्यास पोंचली. आग विझवितांना ६६ बंबवाले कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन दलाकडून पाळला जातो. दाबून बांधलेली गठाण आंतल्या आंत धुमसत राहते, हें ज्यानें जिनांत पाहिलें आहे त्यास या दुर्घटनेचा अर्थ लवकर कळेल.

कॉटन ग्रीन येथें वखारींच्या लांब ओळी व कापूस बाजाराची जुनी भव्य इमारत पाहून आमच्या सोबत्यांपैकीं वडील होते ते म्हणाले, “नांव कापसाचं, अन् कापूस कोठी हाय बाप्पा?” खरोखरच तेथें डोळ्यांस कापूस दिसला नाहीं. एके काळीं येथें गठाणीची शिवण उसवून, चिमूटभर रुई ओढून, बोटांनीं धागा लांबवून भाव होत असे. आपल्या गांवची पऱ्हाटी येथें आली कीं तिचें गांव सुटे आणि अमरावतीच्या नांवावरून ‘उमरा’ या एकाच नांवाखालीं ती विकली जाई. चांगल्या व वाईटाची सरमिसळ इतकी होई कीं, १८६३ सालीं मुंबई सरकारास कापसांतील भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. पाणी मारणें, सरकी व माती मिसळणें हे त्या वेळचे दोष. त्यांत दलालाचा हात किती व शेतकऱ्याचा किती याचा वाद असेल, पण बदनामी झाली ती वऱ्हाडी मालाची.

आतां सोबत्यांच्या त्या प्रश्नाकडे वळूं. होय, जहाज माल भरूनहि येतें. २०२१ च्या अंदाजपत्रकानें परदेशी कापसावर सुमारें ११ टक्के आयातकर बसविला होता. १९ ऑगस्ट २०२५ पासून सरकारनें तो प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत व नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उठविला. गिरणीवाल्यांची बाजू अशी कीं, अमेरिकेनें त्याच ऑगस्टांत आपल्या मालावर ५० टक्के जकात बसविली, तेव्हां रुई स्वस्त मिळाल्याखेरीज कापडाचा धंदा तगणार नाहीं. ही अडचण खोटी नाहीं. परंतु ज्या काळांत हा कर उठलेला होता त्याच काळांत आमचा नवा कापूस बाजारांत येतो, हेंहि खोटें नाहीं. २०२५-२६ सालासाठीं मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ७,७१० रुपये व लांब धाग्याचा ८,११० रुपये होता; त्याखालीं माल विकावा लागलेले शेतकरी आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. १८६५ सालीं परदेशांतील लढाई संपल्यानें भाव पडला. २०२५ सालीं परदेशच्या जकातीनें व आपल्याच करमाफीनें तो दाबला गेला. मधल्या १६० वर्षांत जहाजें बदललीं, गोद्या बदलल्या, राज्य बदललें. भाव बंदरावरून येतो ही गोष्ट बदलली नाहीं.

याचा अर्थ कापूस टाकून द्यावा असा आम्ही करीत नाहीं. अर्थ एवढाच कीं, भरतीच्या पाण्यावर घराचा पाया घालूं नये. एखाद्या वर्षीं भाव चढला म्हणून त्या भावाच्या भरंवशावर कर्ज काढणें व सगळें शेत पऱ्हाटीखालीं घालणें, हीं दोन कामें करूं नयेत. तूर, ज्वारी, हरभरा यांस शेतांत त्यांची जागा राहूं द्यावी. बंदरावरचा भाव आपल्या हातीं नाहीं. पण बंदराकडे जाणारा माल कसा असावा हें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे. साधारण पांच क्विंटल कापसांतून १७० किलो रुईची एक गठाण होते. तिची किंमत धाग्याची लांबी, बळकटी, जाडीबारकी व कचरा यांवर ठरते. हमीभाव ८ टक्के ओलाव्याचा धरला जातो. ओलावा १२ टक्क्यांवर गेला तर सरकारी खरेदी होत नाहीं. मग दंवांत वेंचलेला कापूस वाळविल्यावांचून गाडींत भरून नेण्यांत काय मिळवितों? पहिल्या वेंचणीचा स्वच्छ कापूस शेवटच्या कवडी-कापसांत मिसळून आपणच आपली ‘उमरा’ करीत असतों.

गांवांतील दहाबारा कास्तकारांनीं एकच वाण लावावें, वेंचण्या निराळ्या ठेवाव्या, माल एकत्र करून रुई काढून घ्यावी, तपासणीचा कागद हातीं ठेवून मग सौदा करावा. म्हणजे सरकीहि आपली, रुईहि आपली आणि बोलण्यास आधारहि आपला. हें एकट्यास साधणारें नव्हे. संस्था असते ती याचसाठीं.

शेवटीं जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. कापूस विकून हात मोकळे झाल्यावर माघ-फाल्गुनांत जावें. त्या दिवसांत समुद्र शांत असतो व प्रवासी जहाजेंहि धक्क्यास दिसतात. सोमवारीं घारापुरीचीं लेणीं बंद असतात, तो दिवस टाळावा. लाँच सकाळींच धरावी, म्हणजे दुपार शहरास व संध्याकाळ कॉटन ग्रीनला मिळते. आणि मुंबईस निघण्याआधीं जवळच्या एखाद्या जिनांत जाऊन अर्धा दिवस काढावा. सरकी वेगळी कशी होते, गठाण किती दाबली जाते, तिच्यावरच्या चिठ्ठींत काय लिहितात आणि काय लिहीत नाहींत, हें पाहून मग बंदर पाहिलें म्हणजे दोरीचीं दोन्ही टोकें डोळ्यांपुढें येतात.